कथकला पाश्चात्त्य नृत्याची जोड देताना

ठाण्यात कथक शिकता शिकता कन्टेम्पररी या पाश्चात्त्य नृत्यशैलीकडे वळू पाहणाऱ्या तुमच्यासारख्या विद्यार्थ्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की, पहिली काही वर्षे दोन्ही शैली स्वतंत्रपणे शिकाव्यात. नर्तक उदयशंकर यांनी १९२३ मध्ये लंडनला रशियन बॅले नर्तिका ॲना पावलोव्हा यांच्यासोबत राधा-कृष्णाचे नृत्य केले खरे. पण पुढे अल्मोड्याच्या आपल्या नृत्यकेंद्रात केरळची कथकली स्वतंत्रपणे शिकवण्यासाठी त्यांनी शंकरन नंबुद्री यांच्यासारख्या गुरूंनाच आणले.

खरा कस तालात लागतो. त्रितालाच्या १६ मात्रा, म्हणजे तालाचे ठोके, पाश्चात्त्य संगीतातील चार ठोक्यांच्या चार बारमध्ये (ठोक्यांच्या गटांत) सहज बसतात, म्हणून नवखे तिथेच रमतात. तुम्ही झपताल घ्या. त्याची १० मात्रांची दोन आवर्तने (तालाचे पूर्ण फेरे) आणि असे पाच बार एकदमच पूर्ण होतात, म्हणजे सम (आवर्तनाची पहिली मात्रा) आणि बारचा पहिला ठोका २० मात्रांनी पुन्हा एकत्र येतात; मधल्या मात्रांत तोल जाऊ नये यासाठी मेट्रोनोम (ठराविक लयीत ठोके देणारे यंत्र) लावून, हाताने टाळी-खाली (टाळीच्या आणि बिनटाळीच्या जागा) धरत पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणणे, पक्की करावी आणि मगच पाय उचलावेत. जमिनीवर लोळण्याच्या हालचाली असतील, तर घुंगरू आधीच सोडावेत. ते घोट्याला रुततात आणि नको तिथे वाजतात.

गडकरी रंगायतन या नाट्यगृहाची तारीख मिळवण्यापूर्वी दोन्ही गुरूंना संपूर्ण रचना दाखवावी.