शंकासमाधान : लिनक्सवर कीबोर्ड दाद देत नाही तेव्हा

प्रश्न : डेस्कटॉपवर लिनक्स मिंट (सिनॅमन) आहे. टाइप करता करता कीबोर्ड एकदम बंद पडला. माऊस व्यवस्थित चालतो. दुसरा कीबोर्ड लावला तरी तेच. त्याच मशीनवर विंडोज सुरू केले की सगळी बटणे चालतात. लिनक्स पुन्हा टाकावे का? – एक वाचक, सांगली

उत्तर : इतक्यात नको. विंडोजमध्ये चालतोय म्हणजे वायर, पोर्ट, बटणे सगळे ठीक आहे. आधी टेक्स्ट एडिटर उघडून कोणतेही एक अक्षर दोन सेकंद दाबून धरा. उमटले, तर ‘स्लो कीज’ चालू झाल्या आहेत. हात थरथरणाऱ्यांसाठी ही सोय आहे : बटण ठरावीक वेळ दाबून ठेवल्याशिवाय अक्षर उमटत नाही, त्यामुळे चुकून लागलेला धक्का मोजला जात नाही. तिचा शॉर्टकट चालू असेल, तर शिफ्ट आठ सेकंद दाबून धरल्यावर ती सुरू होते. कीबोर्डच्या कडेवर वही किंवा फाइल टेकली तरी तेवढे पुरते. माऊसनेच सिस्टिम सेटिंग्जमधील ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’त जाऊन कीबोर्डच्या भागात स्लो कीज बंद करा. तिथेच शॉर्टकटचीही खूण काढून टाका, नाहीतर महिन्याभरात पुन्हा हेच.

स्लो कीज नसतील, तर बिघाड कुठल्या थरात आहे ते पाहा. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबा. काळ्या पडद्यावर लॉगिन येऊन तिथे अक्षरे उमटली, तर कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) कीबोर्ड दिसतोय आणि दोष डेस्कटॉपमध्ये आहे. परत यायला मिंटवर कंट्रोल-ऑल्ट-एफ७, उबुंटूवर बहुधा एफ२. डेस्कटॉपच्या दोषात आयबस, म्हणजे दाबलेल्या बटणांची दुसऱ्या लिपीतली अक्षरे करणारा प्रोग्राम, हा नेहमीचा संशयित. देवनागरीसाठी इन्स्क्रिप्ट हा कीबोर्ड वापरणाऱ्या अनेकांकडे तो असतो, आणि तो अडकला की दाबलेली बटणे खिडकीपर्यंत पोहोचतच नाहीत. माऊसने लॉग-आउट करून परत आत या. पासवर्ड टाकता येत नसेल, तर लॉगिनच्या पडद्यावरच्या अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या चिन्हातून ऑन-स्क्रीन कीबोर्ड मिळतो.

काळा पडदाच आला नाही, तर रीस्टार्ट करून ग्रबच्या (सुरुवातीला कोणती सिस्टिम चालवायची ते विचारणाऱ्या मेन्यूच्या) ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून मागचा कर्नल निवडा. अपडेटनंतरच हे सुरू झाले असेल, तर बहुतेक वेळा इथेच उत्तर सापडते.

प्रश्न : लॅपटॉप स्लीपमधून उठला की त्याचा स्वतःचा कीबोर्ड मेलेला असतो. यूएसबी कीबोर्ड चालतो. ग्रबच्या मेन्यूत मात्र लॅपटॉपचा कीबोर्ड चालतो.

उत्तर : ग्रबमध्ये बटणे फर्मवेअर (मशीनच्या चिपमधला मूळ प्रोग्राम) वाचते, लिनक्स नव्हे. म्हणून तिथे चालतो याचा अर्थ एवढाच की बटणे आणि आतली रिबन केबल शाबूत आहे. बऱ्याच लॅपटॉपचा कीबोर्ड यूएसबीवर नसून ‘आय८०४२’ या जुन्या कंट्रोलरवर असतो, आणि झोपेतून उठताना तो नीट जागा होत नाही. ग्रबमध्ये उबुंटूच्या किंवा मिंटच्या ओळीवर ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून ‘आय८०४२.रीसेट’ (i8042.reset) हे इंग्रजी लहान लिपीत, सलग लिहा आणि एफ१० दाबा. हा बदल त्या एका बूटपुरताच असतो, त्यामुळे बिनधास्त करून पाहा. लॅपटॉप झोपवून उठवा. फरक पडला नाही तर त्याऐवजी ‘आय८०४२.नोमक्स’ (i8042.nomux). दोन्ही एकदम घालू नका, नाहीतर कशाचा गुण आला ते कळणार नाही. जो लागू पडेल तो ‘इटीसी’तील ‘डिफॉल्ट’ फोल्डरमधल्या ग्रब फाइलमध्ये (/etc/default/grub) कायमचा लिहून टर्मिनलमध्ये ‘सुडो अपडेट-ग्रब’ (sudo update-grub) चालवा. ही पायरी विसरली तर फाइलमधल्या बदलाचा काहीच उपयोग नाही.

प्रश्न : उजवीकडच्या नंबर पॅडवर आकडे उमटत नाहीत, उलट माऊसचा बाण सरकतो.

उत्तर : ‘माऊस कीज’ चालू आहेत. अ‍ॅक्सेसिबिलिटीत माऊसच्या भागात बंद करा. बाण सरकत नसेल आणि आकडेही येत नसतील, तर फक्त नम लॉक दाबा.