शपथ, शाप आणि शिवी यांना एका पोत्यात कोंबू नका

नवापूरच्या एका तरुण वाचकाने एक पत्रक पाठवलं आहे. मूळ मजकूर इंग्रजी, मराठी कुणी केलं ते त्यावर नाही. मथळा असा: ‘ख्रिस्ती माणसाने शपथ घेणे पाप आहे का?’ आत मात्र सगळी चर्चा अर्वाच्य बोलण्याची, म्हणजे शिव्यांची. आणि मधेच एका परिच्छेदात बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातलं ‘शपथ वाहूच नका’ हे वचन. वाचक विचारतात, ‘‘आईशप्पथ म्हणणं आणि आईवरून शिवी देणं एकच का? आणि कोर्टात साक्ष द्यायची वेळ आली तर काय करायचं?’’

एकच नाही! ही चूक मी सिनेमाच्या खालच्या मराठी ओळींत वाचतो, प्रवचनांत ऐकतो, आता छापील पत्रकातही आली. इंग्रजी ‘स्वेअर’ला दोन अर्थ आहेत, शपथ घेणं आणि शिव्या देणं. याला कारण आहे. जुने इंग्रज देवाच्या जखमांची, देवाच्या रक्ताची शपथ घ्यायचे. ती उठताबसता घेऊन घेऊन झिजली आणि तिचा ‘झाउंड्स’सारखा नुसता उद्गार उरला. देवाचं नाव व्यर्थ घेऊ नये ही आज्ञा मोडणारा तो उद्गार, म्हणून अपशब्द. अशा रीतीने तिकडे शपथेचीच शिवी झाली. मराठी शिवी त्या वाटेने आलेली नाही. ती आईबहिणीवर जाते, जातीवर जाते, अंगावर जाते, देवाच्या वाटेला क्वचितच जाते. मग तिकडचा गुंता इकडे कशाला आणायचा?

मराठी बायबलने तर तिन्ही गोष्टी नीट वेगळ्या ठेवल्या आहेत. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू बोलतो ते शपथेबद्दल: स्वर्गाची नको, पृथ्वीची नको, स्वतःच्या मस्तकाचीही नको, होय तर होय आणि नाही तर नाही म्हणा. याकोबाच्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात एकाच तोंडातून स्तुती आणि शाप निघतात म्हणून खंत आहे. ती शापाची गोष्ट. शिवीसाठी पाहायचं ते इफिसकरांस पत्र, अध्याय चौथा. तिथे शब्द आहे ‘कुजके’ भाषण. मूळ ग्रीक शब्द ‘साप्रोस’. जाळ्यात आलेले वाईट मासे फेकून देतात त्या दाखल्यात मत्तयाने हाच शब्द वापरला आहे. सावद्याला केळी गाडीत भरताना काळी पडलेली फणी हमाल न बोलता बाजूला टाकतो, कारण ती राहिली तर शेजारचीही जाते. भाषांतरकाराने ‘अश्लील’ किंवा ‘असभ्य’ असा गुळगुळीत शब्द न घेता ‘कुजके’ ठेवला, त्याला माझा नमस्कार.

आता मला ज्यासाठी लिहायचं आहे ते. संस्कृतात शपथ आणि शाप एकाच धातूचे, शप्. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, अर्थ दिलाय ‘आक्रोशे’, म्हणजे रडणं नव्हे, दूषण देणं. आणि हे नुसतं नावाचं नातं नाही. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात, एकशे चाराव्या सूक्तात, वसिष्ठावर मांत्रिकपणाचा आळ आहे आणि तो म्हणतो, ‘अद्या मुरीय यदि यातुधानो अस्मि’. मी यातुधान, म्हणजे जादूटोणा करणारा, असेन तर आजच मरेन. शपथ म्हणजे हेच: अट घालून स्वतःलाच दिलेला शाप. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात याच प्रसंगाची आठवण काढताना शब्द आलेत ‘शपथं शेपे’. ‘शेपे’ हे शप्‌चंच रूप. शपथ शापली! नाम आणि क्रियापद एकमेकांकडे बघत उभे आहेत. हे दोन शब्द पहिल्यांदा वाचले तेव्हा मी जेवण सोडून उठलो होतो.

आणि हेच बायबलात जसंच्या तसं सापडतं. मत्तयाचा सव्विसावा अध्याय, पेत्राचा नकार: येशूला पकडून नेलं आहे आणि त्याचा शिष्य पेत्र त्याची ओळखच नाकारतो. मराठीत आहे: पेत्र ‘शापोच्चार करून व शपथा वाहून’ म्हणू लागला की मी त्या माणसाला ओळखत नाही. पुष्कळ जण शिकवतात की पेत्राने तिथे शिव्या घातल्या. साफ चूक. त्याने वसिष्ठासारखंच केलं, खोटं बोलत असेन तर माझं वाटोळं होवो. फरक एवढाच की वसिष्ठ खरं बोलत होता. आणि पेत्र पकडला कशावरून गेला? बोलीवरून. तुझ्या बोलण्यावरूनच कळतंय, असं शेजारी उभी असलेली माणसं त्याला म्हणाली. गालीलचा माणूस यरुशलेमेत तोंड उघडताच ओळखू आला. धुळ्या-नंदुरबारचा पोरगा पुण्यात ‘पानी’ म्हणाला की असाच ओळखू येतो. ‘अहिराणी म्हणजे शिव्यांची भाषा’ असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो तो इथे. आमच्या बोलीत ‘मायनी आन, मी नही लिधं’ म्हणणारा माणूस शिवी देत नाही, शपथ घेतो. त्यातलं ‘आन’ म्हणजे मराठी ‘आण’, संस्कृत ‘आज्ञा’. राजाची आण, देवाची आण, आणि शेवटी आईची.

आता ‘शिवी’. आमच्याकडचे एक निवृत्त संस्कृत शिक्षक ‘शिवणे’पासून शिवी सांगतात, विटाळ करते ती शिवी. पटत नाही. स्पर्शाच्या ‘शिवणे’मागे प्राकृत ‘छिवइ’ आहे, त्याचं नाम ‘शिवाशिव’ होतं. शिवाशिव आपण कुणाला देत नाही. शिवी देतो, जसा शाप देतो. हे ‘देणं’ महत्त्वाचं आहे, शब्दाचं घराणं त्याच्या क्रियापदावरून कळतं. माझं मत, शिवीही शप्‌च्याच घरची. प चा व होणं रोजचं आहे: दीपचा दिवा, शपथचं प्राकृतात सवह, त्यावरून हिंदी सौंह. अडचण अ चा इ होण्याची, तर तेही मराठीला नवं नाही: पक्ववरून पीक, अंगारचा इंगळ, मरिचचं मिरं. आणि इ पुढे आला की मराठी स चा श करतेच, सीमाची शीव होते तसा. ‘शिवी हा परका शब्द, मूळ मराठी सोज्वळ’ म्हणणाऱ्यांनी याला उत्तर द्यावं.

शिवाय अर्थाचा पुरावा आपल्या आजीच्या तोंडात आहे. नंदुरबारला आमच्या शेजारी एक ख्रिस्ती कुटुंब होतं. नातू ओट्यावर गोट्या खेळताना ‘आईशप्पथ, माझीच लागली’ म्हणाला. आजी तांदूळ निवडत बसली होती. सूप खाली ठेवलं, उठली, त्याच्या पाठीत एक घातली आणि म्हणाली, ‘‘होय तर होय म्हण, मेल्या! आईला कशाला मधे घेतोस?’’ मग परत सूप मांडीवर. त्या ‘मेल्या’त माया होती, पोरालाही ते कळत होतं. पण शब्द बघा. मेल्या, मुडद्या, जळलं मेलं, या घरगुती शिव्या म्हणजे झिजलेले शापच. वसिष्ठाचं ‘मुरीय’ आणि आजीचं ‘मेल्या’ एकाच धातूचे, मृ. स्वतःवर घेतलं की शपथ, दुसऱ्यावर टाकलं की शाप, आणि टाकून टाकून धार गेली की शिवी.

तुमचा कोर्टाचा प्रश्न राहिला. सगळ्या ख्रिस्ती मंडळ्यांचं यावर एकमत नाही. क्वेकर आणि मेनोनाइट या पंथांचे लोक शपथ घेतच नाहीत. कॅथलिक आणि अँग्लिकन म्हणतात, न्यायाधिकाऱ्याने मागितली तर खरेपणाने घ्यावी; प्रेषित पौलानेही बायबलातल्या आपल्या पत्रांत देवाला साक्षी ठेवलं आहे. आपल्याकडे 1969 च्या शपथ अधिनियमाप्रमाणे साक्षीदाराला शपथेऐवजी दृढकथन, म्हणजे देवाचं नाव न घेता खरं सांगण्याची प्रतिज्ञा, करता येतं. ज्याचं मन शपथेला घेत नाही त्याने उभं राहताच तसं सांगावं.

आणि आईशप्पथ? मत्तयाचा तो उतारा या शब्दाला थेट लागू आहे, आईवरच्या शिवीला नाही. तिच्यासाठी ‘कुजके’ पुरेसं आहे. पत्रक पुन्हा छापणार असतील तर त्यांना कळवा: मथळ्यात ‘शपथ घेणे’ काढून ‘शिव्या देणे’ घाला, आणि मत्तयाचं वचन उचलून त्या जागी इफिसकरांस पत्रातलं ठेवा. शपथेवर लिहायचं असेल तर वेगळं पत्रक काढा, मुद्रितं मी तपासून देईन.