डोकं मोठं म्हणजे बुद्धी जास्त का?

बाळाचं डोकं मोठं असलं की पोर हुशार निघतं का, असं विचारलंय. फार थोडा संबंध आहे. एमआरआयवर मोजलेला मेंदूचा आकार आणि बुद्ध्यांक यांचा सहसंबंध साधारण 0.24, म्हणजे माणसामाणसांतल्या फरकापैकी जेमतेम 6 टक्के त्यातून समजतो. आइनस्टाइनचा मेंदू 1,230 ग्रॅमचा होता, सरासरी पुरुषापेक्षा हलकाच.

जास्त महत्त्व जोडणीला. युंग आणि हायर या मेंदूच्या अभ्यासकांनी 2007 मध्ये मांडलं की मेंदूचा कपाळामागचा भाग आणि डोक्याच्या माथ्याखालचा मागचा भाग यांच्यातली देवाणघेवाण जितकी चांगली, तितकी बुद्धी चालते. हे भाग जोडणारे तंतू म्हणजे पांढरा पदार्थ. त्यांच्यावरचं चरबीचं वेष्टन नीट बसलं तर संदेश वेगानं जातो.

आपल्या हातात काय? गरोदरपणी आयोडीन कमी पडलं तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते, आणि ते नंतर भरून निघत नाही. रोज 250 मायक्रोग्रॅम लागतं. बेळगाव जिल्ह्यातल्या कणकुंबी-जांबोटीकडच्या पावसात उघड्या मिठाला पाणी सुटतं, त्याबरोबर आयोडीनही जातं. म्हणून आयोडीनयुक्त मीठ घट्ट झाकणाच्या बरणीत, चुलीपासून लांब ठेवा आणि आमटी उतरवताना घाला. मात्र बाळाचं डोकं झपाट्यानं वाढतंय असं वाटलं, तर कौतुक बाजूला ठेवून लगेच बालरोगतज्ज्ञांकडून टेपनं घेर मोजून घ्या.