वॉर्म-वेदर ट्रेनिंग कॅम्पमध्ये धावपटूचा दिवस कसा असतो? जळगावच्या उन्हात पळून तोच फायदा मिळेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यात जिवाशी गाठ आहे. नाही मिळणार. एप्रिल-मेमध्ये तर मुळीच नाही.

मी पाचोऱ्याचा. नोकरीसाठी जर्मनीत होतो तेव्हा तिथल्या रनिंग क्लबबरोबर मार्चमध्ये अशा कॅम्पसाठी, म्हणजे थंड देशातून उबदार हवेत जाऊन सराव करायला, पोर्तुगालला, मॉन्टे गोर्डोला जायचो. स्पेनच्या हद्दीजवळचं समुद्रकाठचं गाव. शेजारच्या व्हिला रिआलमध्ये ट्रॅक आणि मधल्या पाइनच्या जंगलात सपाट, मऊ मातीच्या वाटा. तिथे मार्चमध्ये दुपारी १८-१९ अंश असतं, पहाटे १० च्या आसपास. एवढ्या थंडीत आपल्याकडे लोक कानटोपी घालून शेकोटीला बसतात! जर्मन, इंग्रज, आयरिश तिथे ऊन सोसायला येत नाहीत. घरी रस्त्यावर बर्फ असतो, आखडलेल्या पोटऱ्यांनी ट्रॅकवर वेगात पळायला गेलं की स्नायू धरतो, म्हणून येतात.

आता दिवस. सातला उठायचं, कॉफी आणि एक केळं. (जळगाव जिल्ह्यातल्या माणसाला काट्यावर मोजून केळी विकत घेताना काय वाटतं, ते विचारू नका.) आठला जंगलात दहा-बारा किलोमीटर, तेही गप्पा मारता येतील इतकं सावकाश. अर्ध्या तासात दहा किलोमीटर काढणारी पोरं सकाळी किलोमीटरला साडेचार-पाच मिनिटांनी चाललेली असतात. आपल्याकडे हे कुणाला पटत नाही. भरतीची तयारी करणारी मुलं रोज सोळाशे मीटर जीव तोडून पळतात आणि महिन्याभरात नडगी धरून बसतात.

मग भरपेट नाश्ता. आणि त्यानंतर चार वाजेपर्यंत काही नाही. खरंच काही नाही. पाय भिंतीला लावून पडायचं, जेवायचं, झोपायचं, पत्ते कुटायचे. व्हिला रिआलहून ग्वादियाना नदी ओलांडली की पलीकडे स्पेन, फेरीबोट हाकेच्या अंतरावर. पण आमचा कोच शेवटच्या दिवसाआधी कुणाला जाऊ द्यायचा नाही. उन्हात दिवसभर भटकलं की संध्याकाळचा सराव गेलाच म्हणून समजा. माझ्या मते कॅम्पचे निम्मे पैसे या लोळण्याचेच असतात. स्वयंपाक नाही, ऑफिस नाही, कुणाच्या साखरपुड्याला जायचं नाही. दिवसातून दोनदा पळून शरीर भरून निघतं ते त्यामुळेच.

संध्याकाळी एक दिवसाआड ट्रॅक. हजार-हजार मीटरचे सहा तुकडे, मध्ये दोन मिनिटं दम खायचा. उरलेल्या दिवशी सहा-सात किलोमीटर हलकं पळणं, मग पोट-पाठीचे व्यायाम. रात्री मासे, बटाटे, भात. माझ्या डब्यातला ठेचा दोन आयरिश पोरांनी एकदाच चाखला. साडेनऊला दिवे बंद.

तुमच्याकडे हे सगळं नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत फुकट आहे. सकाळी मेहरूण तलावावर किंवा गावाकडे कालव्याकाठच्या मातीच्या वाटेवर पळा. आठवडाभर रजा टाका आणि दुपारी झोपणार हे घरी आधीच सांगून ठेवा. खरी अडचण तीच आहे, हवामानाची नाही.

उन्हाची सवय करणं हा वेगळा सराव आहे आणि ज्याची शर्यत उष्ण जागी आहे त्यालाच तो लागतो. दहा ते चौदा दिवस, रोज तासभर, हळूहळू वाढवत. रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुटतो, त्यातलं मीठ कमी होतं. पुढे दोन-तीन आठवड्यांत हा फायदा ओसरूही लागतो. २०१९ च्या दोहा जागतिक स्पर्धेत महिलांची मॅरेथॉन मध्यरात्री सुरू केली, तरी ६८ जणींपैकी ४० जणीच शेवटपर्यंत पोचल्या. तिथे दमट उकाडा होता. आपलं ऊन कोरडं असतं, घाम अंगावर दिसतही नाही आणि पाणी किती गेलं ते उशिरा कळतं. ४३-४४ अंशांच्या दिवसांत उजाडायच्या आत पळून घरी या, लांब पल्ला नको.

उन्हाळ्यात कॅम्प करायचाच असेल तर तोरणमाळला जा. उंची साधारण ११५० मीटर, म्हणजे हवा खालच्यापेक्षा थंड. पण 'हाय अल्टिट्यूड'चा (उंचावरच्या विरळ हवेत राहून रक्तातल्या तांबड्या पेशी वाढण्याचा) फायदा मिळेल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, त्याला दोन हजार मीटरच्या आसपास तरी जावं लागतं. यशवंत तलावाच्या परिसरात सकाळी छान पळता येतं. शनिवार-रविवार टाळा, गाड्यांची गर्दी असते. आणि घाटाच्या उतारावर वेगाचा सराव करू नका, गुडघे बोलायला लागतात.