वाचकांचे प्रश्न : गोधडीचा जोड का उसवतो?

प्रश्न : आजेसासूबाईंची जुनी सुती लुगडी आणि घरातल्या काही पॉलिस्टर साड्या यांचे तुकडे हाताने जोडून, खाली नव्या मांजरपाटाचे अस्तर लावून मी वाकळ शिवली. घटस्थापनेआधी दसरा काढताना ती पहिल्यांदाच धुतली, तर सगळीकडे चुण्या पडल्या आणि लुगड्याचे कापड टाक्यांलगत फाटले. दोरा मात्र कुठेही तुटला नाही. तो मुद्दाम जाड, पॉलिस्टरचा घेतला होता. आता काय करावे? – एक वाचक भगिनी, अंबाजोगाई

उत्तर : दोरा शाबूत राहिला आणि कापड फाटले, यातच दुखणे कळते. नेसून नेसून विरलेल्या लुगड्याला पॉलिस्टरचा दोरा भारी पडतो. भिजलेल्या वाकळेचे ओझे जोडावर आले की दोघांपैकी जे कच्चे असेल ते हार खाते, आणि ते दोऱ्याने खाणे केव्हाही परवडते, कारण उसवलेली शिवण पुन्हा घालता येते, फाटलेले कापड पूर्ववत होत नाही. म्हणून जुन्या सुती कापडाला सुती दोराच वापरावा.

चुण्यांचा दोष लुगड्याला देता येणार नाही. ते वर्षानुवर्षे धुतलेले असल्यामुळे त्याला जेवढे आटायचे तेवढे ते कधीच आटले आहे, आणि पॉलिस्टर तर जवळजवळ आटतच नाही. आटले ते कोरे मांजरपाट, आणि त्याने वरचे सगळे कापड गोळा करून घेतले. अस्तर शिवण्यापूर्वी रात्रभर पाण्यात भिजत घालून, धुऊन वाळवून घेतले असते, तर हा प्रकार टळला असता.

ही वाकळ मोडीत काढण्याची गरज नाही. फाटलेल्या जागी धुतलेल्या सुती कापडाचे ठिगळ लावावे, मात्र ते फाटीपुरते न कापता, त्याच्या कडा चांगल्या कापडापर्यंत पोहोचतील एवढे मोठे घ्यावे, आणि मग सगळ्या थरांतून, बोटभर अंतराच्या ओळींत धावदोरा घालावा. वाकळेची खरी ताकद या ओळींत असते, कारण त्या ओढ सगळ्या थरांवर वाटून देतात. नुसत्या जोडाच्या भरवशावर कोणतीही वाकळ टिकत नाही.

पुढच्या वेळी तुकडे उभ्या-आडव्या धाग्यानेच कापावेत, कारण तिरके कापलेले कापड शिवताना ताणले जाते. सुलट बाजू आत घेऊन, विरलेल्या कापडाला कडेपासून निदान एक सेंटिमीटर माया (शिवणीबाहेर राहणारे जादा कापड) सोडावी, आधी कच्चे टाके घालावेत आणि मग धावदोऱ्याने जोडताना चार-पाच टाक्यांमागे एक उलटा टाका घ्यावा, म्हणजे एका जागी दोरा तुटला तरी शिवण पुढे सरसर उसवत नाही. दोरा हातभरच घ्यावा. लांब दोरा गुंततो, आणि तो सोडवताना आपण हिसका देतो तोच जोडाला बसतो. दर वीतभर शिवल्यावर जोड सपाट करून, दोरा ओढला गेला असेल तर बोटाने सैल करावा. धुतल्यावर वाकळ एका कोपऱ्याने उचलू नये आणि दगडावर धोपटू तर मुळीच नये.

प्रश्न : जुन्या साडीची जरीची किनार गोधडीत घेतली तर चालेल का? – एक वाचक, जालना

उत्तर : अंगाला लागणाऱ्या बाजूला नको, कारण जरीची तार टोचते आणि शेजारचे मऊ कापडही घासून काढते. हौसच असेल तर कृत्रिम जरीची किनार वरच्या बाजूला, कडेने लावावी. खऱ्या जरीची पैठणी असेल, तर ती वारंवार धुवायच्या वस्तूत घालूच नये; तिची उशीची खोळसुद्धा मला पटत नाही.