बदली तास कुणाच्या माथी?

प्रश्न : जूनपासून मी एका अनुदानित माध्यमिक शाळेत मुख्याध्यापक आहे. शिक्षक १६. मी वेळेचा काटेकोर आहे. हजेरी, टाचणं, निकालपत्रकं सगळं वेळेवर होतं. पण मी स्टाफरूममध्ये शिरलो की बोलणं थांबतं आणि नवीन कामाला कुणी पुढे येत नाही. थोडं सैल सोडावं का?

उत्तर : नको. मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन आणि सहकाऱ्यांनी १९३९ मध्ये अमेरिकेतल्या मुलांच्या छंदगटांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. हुकूम सोडणारा नेता असलेल्या गटात काम व्हायचं, पण तो बाहेर गेला की मंदावायचं. मोकाट सोडलेल्या गटात मुळातच काम कमी. विचारविनिमयाने चालणारा गट मात्र नेता नसतानाही काम करत राहिला. ती मुलं होती, शिक्षक नव्हेत. तरी तुमची शाळा पहिल्या गटासारखी दिसते.

पगार, रिक्त पदं तुमच्या हातात नाहीत. रजेवरच्या शिक्षकाऐवजी दुसऱ्याने घ्यायचे बदली तास मात्र आहेत, आणि शिक्षकांची खदखद बहुधा तिथेच असते. ६० मुलांचा एक निबंध, वहीमागे ३ मिनिटं धरली तरी ३ तास जातात. ते मोकळ्या तासिकांतूनच काढायचे असतात. अशात शिपाई चिठ्ठी आणतो : ‘७ वी ब, चौथा तास’. नोंद नसेल तर जे नाही म्हणत नाहीत, त्यांच्याच नावावर चिठ्ठ्या निघतात. म्हणून वही ठेवा : तारीख, कोण रजेवर, तासिका, वर्ग, कोण गेलं. दर शनिवारी बेरीज फलकावर लावा. ज्याची बेरीज कमी, त्याची पाळी आधी. आठवड्याला दोनाहून जास्त बदली तास कुणालाही नकोत. त्याउपर उरलेले वर्ग ग्रंथालयात किंवा मैदानावर पाठवा. यू-डायसची, म्हणजे शासनाला ऑनलाइन द्यायची शाळेची माहिती भरणाऱ्या शिक्षकाला त्या आठवड्यांत वगळा. संगणक येतो म्हणून दुप्पट काम, ही शिक्षाच झाली.

सभेचे विषय दोन दिवस आधी कळवा. स्नेहसंमेलनाची तारीख ठरवून मग मत विचारलंत, तर पुढच्या सभेत कुणी तोंड उघडणार नाही. परिपत्रकाने बांधलेली गोष्ट असेल तर सरळ सांगा, ‘हे ठरलेलं आहे, कसं करायचं तेवढं बोलू.’

पाठनिरीक्षण आदल्या दिवशी सांगून करा आणि पूर्ण तासिका बसा. दाराआडून दहा मिनिटं ऐकणं म्हणजे पाळत. त्याच दिवशी दोघंच बसा; आधी त्यांना विचारा, ‘तुमच्या मते कुठे अडलं?’ मग सुधारणा एकच सुचवा. सहा सुचवल्यात तर एकही होत नाही. मुलांसमोर चूक काढू नका. तो शिक्षक त्या वर्गावर पुढे महिनाभर अवघडून उभा राहतो.

वही उद्याच सुरू करा. बदली तासांच्या यादीत पहिलं नाव स्वतःचं घाला, आणि पहिली चिठ्ठी आली की वर्गावर जा.