क्वाटर्निओनिक कॉन्टॅक्ट रचना स्थानिक पातळीवर सपाट आहे, हे कसं ओळखायचं?

आधी ‘सपाट’ म्हणजे काय ते ठरवा, सगळा घोळ तिथेच होतो. ही रचना म्हणजे ४n+३ मितींच्या अवकाशात प्रत्येक बिंदूपाशी निवडलेल्या ४n ‘क्षैतिज’ दिशा, क्वाटर्निऑनांच्या (चार घटकांच्या संख्यांच्या) नियमांनी बांधलेल्या. बिकार कनेक्शनची (या रचनेला साजेशी, वेगवेगळ्या बिंदूंवरच्या दिशा ताडून पाहायची रीत) क्षैतिज वक्रता शून्य असेल, तर रचना स्थानिक पातळीवर क्वाटर्निओनिक हायझेनबर्ग गटच, म्हणजे या भूमितीचा सपाट नमुनाच असते. टॉर्शन (कनेक्शनमधला पीळ) मात्र तिथेही शून्य नसतं. ते शून्य करायच्या नादी लागू नका.

कॉन्फॉर्मल बदल (बिंदूगणिक मोजपट्टी लहानमोठी करणं) चालणार असेल, तर इव्हानोव्ह आणि वासिलेव्ह यांचा टेन्सर तपासा. तो वाइलच्या टेन्सरचा (नेहमीच्या रीमान भूमितीत हेच तपासणारा) इथला भाऊबंद. तो शून्य असला, तरच रचना कॉन्फॉर्मली सपाट. ३-ससाकी गोलाचंच (४n+३ मितींचा गोल, त्याच्या नेहमीच्या रचनेसह) बघा: त्याची स्केलर वक्रता (वक्रतेचा एका संख्येतला गोषवारा) धन, पण हा टेन्सर शून्य! केली रूपांतरण या कॉन्फॉर्मल नकाशाने एक बिंदू वगळलेला गोल थेट हायझेनबर्ग गटावर जातो.